उंबर फोडून बघितलं तर देव दिसतो का?

एमएस्सी करणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे, जवळपास त्याच्याच शब्दांत देतो: "सर, उंबराचं माशीशिवाय चालत नाही आणि माशीचं उंबराशिवाय चालत नाही. झाड आधी आलं असेल तर बी कसं धरलं, माशी आधी आली असेल तर ती वाढली कुठे? इतकं परफेक्ट जमवलेलं बघून कोणीतरी करणारा आहे असं मानावंच लागतं ना? तुम्ही एवढी वर्षं यावर काम केलंत, तुम्हाला काय वाटतं?"

हे बघ, तीसेक वर्षं मी सह्याद्रीत उंबरं फोडण्यात घालवली म्हटलं तरी चालेल, कॉलेजात शिकवायचं ते पोटासाठी आणि सुट्टी लागली की भिंग, ब्लेड आणि स्पिरिटच्या बाटल्या पिशवीत टाकून कुठल्यातरी ओढ्याकाठी जाऊन बसायचं. त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही, गावोगावी ऐकलाय, कीर्तनकारांनी विचारलाय, एका फॉरेस्ट गार्डने तर जीप थांबवून विचारला होता. थोडक्यात उत्तर पाहिजे असेल तर असं की उंबर देव आहे असंही सांगत नाही आणि देव नाही असंही सांगत नाही, त्याला त्या भानगडीत ओढू नये. पण तुझ्या प्रश्नातला "परफेक्ट जमवलेलं" हा शब्द मला खटकला, आणि तो का खटकला ते सांगायला जरा वेळ लागेल, चहा घेऊन बस.

आधी आत नेमकं काय चालतं ते नीट बघू, कारण यावर अर्धवट माहिती फार फिरते. उंबराचं फळ हे मुळात फळ नाहीच. ती बाहेरून बंद झालेली फुलांची थैली आहे, आतल्या भिंतीला हजारो बारीक फुलं चिकटलेली. म्हणून तर उंबराचं फूल कोणी बघितलेलं नसतं, वर्षातून एकदा उगवणाऱ्या पाहुण्याला आपण "काय रे, उंबराचं फूल झालास" म्हणतो, आणि माझी आजी सांगायची की ते मध्यरात्री फुलतं आणि ज्याला दिसेल त्याचं नशीब उघडतं. फूल तर समोरच असतं, थैली फोडायचं कोणाच्या डोक्यात येत नाही एवढंच.

थैलीच्या टोकाला एक छिद्र असतं, त्याला आम्ही डोळा म्हणतो, आणि त्यात खवल्यांची एवढी दाटी की सुई घालायची म्हटली तरी अडते. यातून आत जाते ती दीड-दोन मिलिमीटरची माशी, दिसायला चिलट पण जातकुळी गांधीलमाशीची, शास्त्रीय नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. ती झाडाच्या वासावर येते, वडाचा वास वेगळा, पिंपळाचा वेगळा, उंबराचा वेगळा, आणि तिला फक्त उंबराचाच कळतो. आत घुसताना पंख तुटतात, मिशांचे तुकडे पडतात, म्हणजे परतीचं तिकीट नाहीच. छातीवर तिला दोन खिसे असतात, खरोखरचे खिसे, त्यात पराग भरून आणलेले, ते ती पायांनी काढून फुलांवर ठेवते. काही फुलांच्या नळीसारख्या दांडीतून आपली अंडनलिका खाली घालून तळाशी अंडं घालते. ज्या फुलात अंडं गेलं तिथे गाठ होऊन माशीचं पिल्लू वाढतं, ज्यात नुसता पराग गेला तिथे बी धरतं. आई आतच मरते.

काही आठवड्यांनी नर आधी बाहेर येतात. पंख नाहीत, डोळे नावापुरते. माद्या अजून गाठीत बंद असतानाच ते त्यांच्याशी जुगतात, मग सगळे मिळून थैलीच्या भिंतीला भोक पाडतात आणि मरतात, काही तर त्याच भोकातून खाली पडतात आणि मुंग्या टपूनच असतात. माद्या त्याच सुमाराला पिकलेल्या नरफुलांतून पराग खिशात भरतात आणि उडतात. आयुष्य एक-दोन दिवसांचं, तेवढ्यात दुसरं झाड गाठायचं, कारण एका झाडावरची फळं साधारण एकाच वेळी एकाच अवस्थेला येतात, माहेरच्या झाडावर जागा मिळत नाही.

हे सगळं पहिल्यांदा भिंगाखाली बघितलं तेव्हा मीही मनात हात जोडले होते, खोटं कशाला बोलू. तुझ्या वयाचाच होतो.

नंतर मात्र बाकीच्या माश्या दिसायला लागल्या. खोडावर उंबरांचे घोस लगडलेले असतात ना, त्यासमोर नुसतं अर्धा तास उभं राहा. फळाच्या बाहेरच्या बाजूला काही माश्या बसलेल्या दिसतील, शरीराच्या दुपटी-तिपटीने लांब शेपूट असलेल्या. ती शेपूट नाही, अंडनलिका आहे. या डोळ्यातून आत जातच नाहीत, पराग वगैरे काही आणत नाहीत, बाहेरूनच भिंत भोकसून आत अंडी घालतात. काहींची पिल्लं फुलांच्या जागा बळकावतात आणि काहींची पिल्लं थेट दुसऱ्या पिल्लांवर जगतात. आपल्याकडच्या एकट्या उंबरावर अशा पाच-सहा जाती आहेत. यातल्या एकीच्या अंडनलिकेवर २०१४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून पेपर आला होता, तिच्या टोकाला करवतीसारखे दात आहेत आणि त्या टोकात जस्त आहे, म्हणजे चक्क धातूने कडक केलेलं ड्रिल. आता मला सांग, खिसे बघून तुला कारागीर आठवला, मग हे ड्रिल बघून कोण आठवायला पाहिजे? खिसे बनवणाऱ्यानेच घरफोडीचं हत्यारही बनवून दिलं? आणि मजा म्हणजे या घरफोड्यांच्या पोरी बाहेर पडतात त्या बहुतेक वेळा पराग आणणाऱ्या माशीच्या नरांनी पाडलेल्या भोकातूनच. शिवाय त्या माशीच्याच अंगावर बसून आत येणारे सूत्रकृमी आहेत, बाहेर येणारी प्रत्येक माशी खायला बसलेल्या लाल मुंग्या आहेत. थैली म्हणजे दोघांचा संसार नाही रे, एसटी स्टँड आहे.

तरी हे बाहेरचे चोर झाले. खरा धक्का मला काळ्या उंबराने दिला. ओढ्याकाठी असतं ते खरखरीत पानांचं, समोरासमोर पानं, काही ठिकाणी त्याला बोखेडा म्हणतात. त्याची झाडं दोन प्रकारची. एका प्रकारच्या झाडावरच्या थैलीत आखूड दांडीची मादीफुलं आणि नरफुलं असतात, तिथे माश्या वाढतात आणि पराग तयार होतो. दुसऱ्या प्रकारच्या झाडावर सगळी फुलं लांब दांडीची. तिथे शिरलेल्या माशीची अंडनलिका तळापर्यंत पोचतच नाही. ती पंख मोडून आत आलेली असते, परतीची वाट नाही, फुलाफुलावर फिरते, प्रत्येक ठिकाणी अंडं घालायचा प्रयत्न करते, जमत नाही, पराग मात्र पसरत राहतो, आणि मरते. झाडाला भरपूर बी मिळतं, माशीला एकही पिल्लू नाही. आणि दोन्ही झाडांचा वास इतका सारखा की तिला बाहेरून कळत नाही. कळत असतं तर ती गेलीच नसती, आणि ती गेली नसती तर काळा उंबर राहिलाच नसता. म्हणजे तुझी "परफेक्ट" व्यवस्था उभी आहे ती दर पिढीतल्या कितीतरी माश्यांच्या फसवणुकीवर. अंजिराचंही मूळ गणित हेच, जंगली अंजिरात दोन प्रकारची झाडं असतात आणि बीवाल्या झाडात शिरलेली माशी फुकट जाते.

अंजिराचं निघालंच आहे तर एक विषयांतर करतो, कारण दर चातुर्मासात मला कोणी ना कोणी फोन करून विचारतं की अंजिरात मेलेली माशी असते म्हणे, मग ते शाकाहारी कसं. आपल्याकडचं सासवड-पुरंदर भागातलं जे अंजीर आहे, २०१६ साली ज्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला माशी लागतच नाही. ते परागाशिवाय फुगणारं वाण आहे, बी वांझ असतं आणि झाड फांदी लावून वाढवतात. निवांत खा. उलट तुर्कस्तानातलं स्मिर्ना वाण माशीशिवाय फळ धरत नाही. कॅलिफोर्नियातल्या लोकांनी १८८० च्या दशकात ते हौसेने लावलं आणि वर्षानुवर्षं कच्ची फळं गळताना बघत बसले, शेवटी १८९९ मध्ये माशी आणून तिथे रुजवली तेव्हा कुठे बागा लागल्या. विषयांतर संपलं.

आता तू म्हणशील, मग सगळेच चोर असतील तर ही भागीदारी टिकली कशी? हा प्रश्न तुझ्या मूळ प्रश्नापेक्षा चांगला आहे आणि याचं उत्तर मिळालेलं आहे. समजा पराग आणणाऱ्या माशीनेच टाळाटाळ केली, खिसे रिकामे ठेवून आली आणि नुसती अंडी घालून मोकळी झाली तर? पनामामध्ये दोन संशोधकांनी मुद्दाम पराग नसलेल्या माश्या फळांत सोडून बघितल्या, त्यांचा पेपर २०१० चा आहे. ज्या जातींत माशी खिशातून पराग आणते तिथे झाडाने अशी फळं गाळून टाकली किंवा त्यातून पिल्लं फार कमी निघाली. फळ गळलं की आतली पिल्लं मेली. आणि ज्या जातींची झाडं जास्त कडक होती तिथे जंगलात रिकाम्या खिशाच्या माश्या कमी सापडल्या. झाडाला राग येत नाही, विचार येत नाही, परागीभवन न झालेल्या फळावर अन्न खर्च न करणारी झाडं जास्त बी मागे ठेवून गेली एवढंच. पण परिणाम असा की जणू पोलीस बसलाय. पोलीस कुठेच नाही.

अजून एक उदाहरण देतो, मला हे सगळ्यात आवडतं कारण यात आधी कागदावर गणित झालं आणि मग निसर्गात जाऊन मोजलं गेलं. हॅमिल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६७ मध्ये दाखवलं की एकाच बंद जागेत एकाच आईची पोरं-पोरी जुगणार असतील तर त्या आईने मुलगे अगदी मोजके घालावेत, कारण जास्त मुलगे म्हणजे भाऊ-भाऊच भांडणार, नातवंडं काही वाढत नाहीत. पण त्याच जागेत दुसऱ्या आया आल्या तर मुलग्यांचं प्रमाण वाढायला पाहिजे. उंबरवर्गाच्या थैल्या म्हणजे या गणितासाठी आयती प्रयोगशाळा, आणि हेरे नावाच्या संशोधकाने १९८५ मध्ये पनामातल्या माश्यांचे आकडे दिले, आत शिरलेल्या माद्यांची संख्या वाढली की नरांचं प्रमाण वाढतं, गणिताने सांगितल्या दिशेनेच. आता "देवाने केलं" असं म्हटलं तर नरांचं प्रमाण किती असायला पाहिजे? दहा टक्के? पन्नास? काहीही असलं तरी चालतं, कारण देवाची मर्जी. माझी अडचण ही आहे. मी देवाविरुद्ध बोलत नाहीये, मी म्हणतोय की त्या उत्तरातून मला उद्या कुठलं फळ फोडायचं आणि काय मोजायचं ते कळत नाही.

बरं, आता तुझं "आधी कोण". आजचा उंबर आणि आजची माशी, या रूपात दोघांपैकी कोणीच आधी नव्हतं. उंबराची भावकी बघ. तुती त्याच कुटुंबातली, तिची फुलं उघड्या लोंबत्या तुऱ्यात, पराग वाऱ्यावर. फणस त्याच कुटुंबातला, शेकडो फुलं एका गोळ्यावर दाटीने, पण बाहेरच्या बाजूला. आणि उंबराला सगळ्यात जवळचा गट म्हणजे ज्यात चांदकुडा येतो, कोकणातल्या देवरायांत बघितला असशील, उंचच उंच सरळ खोड. त्याची नरफुलं एका चपट्या चकतीवर असतात आणि भोवती खवल्यांचा काठ. आता ही चकती मनातल्या मनात कडेने वर उचलून आत वळव, द्रोण होईल, अजून वळव, तोंड बारीक झालेली थैली होईल, तोंडाशी तेच खवले. उंबर. फुलांच्या गर्दीत येऊन अंडी घालणारे, खाणारे, पराग इकडचा तिकडे नेणारे किडे तर किती प्रकारच्या झाडांवर असतात, आणि थैलीचं तोंड जसं बारीक होत गेलं तसे शिरू शकणारेच उरले.

माशीच्या बाजूनेही पायऱ्या आजही जिवंत आहेत. उंबराच्या वर्गात जगभर झाडांच्या साडेसातशेच्या वर जाती आहेत. त्यातल्या कितीतरी जातींत माशी मुद्दाम पराग भरत नाही, अंगाला लागेल तेवढा लागतो, आणि तिथे झाड नरफुलं भरमसाट तयार करतं. जिथे माशी खिशात भरून नेते तिथे नरफुलं थोडीच पुरतात. म्हणजे मधल्या पायरीवर कोणी अडून उपाशी मेलं असं दिसत नाही, मधल्या पायरीवरही दुकान चालू आहे. आनुवंशिक अभ्यासातून या भागीदारीचं वय साधारण साडेसात कोटी वर्षं निघतं. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावरचा एक जीवाश्म आहे, ३ कोटी ४० लाख वर्षांचा, आधी मुंगी म्हणून बाजूला पडलेला, २०१० मध्ये लक्षात आलं की ती आपलीच माशी, आणि दिसायला जवळजवळ आजच्यासारखी. म्हणजे तेव्हासुद्धा ही गोष्ट जुनीच होती.

आता देवाकडे येतो. हे मी शास्त्रज्ञ म्हणून बोलत नाहीये, वाचक म्हणून बोलतोय, चुकलो तर संस्कृतवाल्यांनी कान धरावा.

तुझं लॉजिक परदेशात पेली नावाच्या पाद्रीने १८०२ मध्ये घड्याळाचं उदाहरण देऊन मांडलं होतं, माळावर घड्याळ सापडलं तर घड्याळजी असणारच. डार्विनने केंब्रिजमध्ये पेली वाचला होता आणि तेव्हा त्याला तो पटलाही होता. पण पुढे १८६० मध्ये एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला, जो स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होता, डार्विनने पत्रात लिहिलं की दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने जिवंत अळ्यांना आतून खाणाऱ्या माश्या मुद्दाम निर्माण केल्या हे माझ्याने मानवत नाही. बघ, तिथेही माशीच, आणि आपल्या उंबरमाशीच्या लांबच्या नात्यातलीच. हे पत्र सगळे सांगतात. आपल्याकडे हा वाद किती आधी आणि किती बारकाईने झालाय ते मात्र फार कमी लोक सांगतात, आणि मला त्याचा राग येतो.

घड्याळाच्या जागी आपल्याकडे घडा. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणायचे, घडा दिसला की कुंभार असणार, जग हेही केलेलं कार्य आहे, मग त्यालाही कर्ता असणार. उदयनाचार्यांनी हजारेक वर्षांपूर्वी न्यायकुसुमांजलीत याची सगळ्यात पक्की बांधणी केली. पण त्यांच्याही आधी, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्तीने याच युक्तिवादाला असं काही टोचलंय की मला वाटतं तो माणूस रानात हिंडलेला असणार. त्याचं म्हणणं साधारण असं, मातीला आकार आलाय एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल तर वारूळसुद्धा कुंभारानेच केलं म्हणा. घडा बघून कुंभार आठवतो कारण आपण कुंभाराला घडा करताना बघितलंय, नुसत्या आकारामुळे नाही. आणि वारूळ म्हणजे काय चीज आहे ते बघ, आत हवा खेळवणारी पोकळी, बागा, राणीची खोली, आणि बांधणाऱ्या कामकरी वाळव्या बहुतेक आंधळ्या, नकाशा कोणाच्याच डोक्यात नाही. ग्रासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सांगितलं की एकीने टाकलेला मातीचा गोळाच दुसरीला पुढचा गोळा कुठे टाकायचा ते सुचवतो. म्हणजे धर्मकीर्तीने उदाहरण निवडलं ते असं की तेराशे वर्षांनी ते अजूनच घट्ट बसलं.

सांख्यांनी, म्हणजे सांख्यदर्शनवाल्यांनी, तर अजून वेगळी वाट काढली. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत म्हटलंय की वासराच्या वाढीसाठी दूध पान्हवतं, दुधाला काही कळत नाही, तशी प्रकृती न कळता काम करते. काम हेतू असल्यासारखं दिसतं पण करणारा जाणता असायला पाहिजे असं नाही. शंकराचार्यांनी यावर ब्रह्मसूत्रभाष्यात उत्तर दिलं की दूध जड आहे खरं पण गाय जड नाही, तिला वासराची माया आहे म्हणून पान्हा फुटतो. चांगलं उत्तर आहे. पण मी नेहमी विचार करतो, आचार्यांसमोर गाईऐवजी कोणी काळा उंबर ठेवला असता तर? बी धरायच्या झाडात शिरलेल्या माशीबद्दल कोणाची माया धरायची?

आणि आता सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस, रामानुजाचार्य. विष्णूचे एवढे मोठे भक्त, त्यांनी नैयायिकांच्या बाजूने उभं राहायला पाहिजे होतं ना? पण श्रीभाष्यात ते उलट लांबलचक वाद घालतात की अनुमानाने ईश्वर सिद्ध होतच नाही. जग हे कार्य आहे असं घटकाभर मानलं तरी ते एकाच वेळी केलं आणि एकाच कर्त्याने केलं हे कशावरून, वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कर्त्यांनी केले असतील. ईश्वर शास्त्रातूनच कळतो, झाडं-डोंगर बघून नाही, असं त्यांचं म्हणणं. एका भक्ताने पुरावा स्वतःच्या हाताने खोडून काढलाय आणि त्याची भक्ती जरासुद्धा हललेली नाही. हे मी रिटायर झाल्यावर वाचलं, आधी वाचलं असतं तर कॉलेजच्या स्टाफरूममधले निम्मे वाद वाचले असते.

आता दुसऱ्या बाजूच्या मित्रांनाही एक सांगायचंय, नाहीतर ते खूश होऊन बसतील. निसर्गात फसवणूक आहे, क्रौर्य आहे, म्हणून देव नाही, हीसुद्धा तशीच उडी आहे. माशीवरून फार तर एवढं म्हणता येतं की प्रत्येक जीवाची काळजी घेत एकेक खिसा हाताने शिवणारा इंजिनिअर इथे दिसत नाही. तुझ्या मनातला देव तसाच असेल तर त्याला अडचण आहे. निर्गुण असेल, किंवा सगळं झालं तरी जो नुसता आहे तसा असेल, तर त्याला उंबरातली माशी काय करणार.

आणि हो, काही जण इथे गिअर बदलतात, म्हणतात ठीक आहे, उत्क्रांती मान्य, पण ज्या नियमांनी उत्क्रांती चालते ते नियम कोणी केले? भौतिकशास्त्राचे आकडे जरा इकडेतिकडे असते तर तारेच झाले नसते वगैरे. प्रश्न खरा आहे, पण तो माझ्या हद्दीबाहेरचा आहे, आणि लक्षात घे की तो विचारताना तू उंबर सोडून दिलास. मघाशी उंबर पुरावा होता, आता उंबराची गरजच नाही, आता विश्वाची सुरुवात पुरावा आहे. त्या सुरुवातीबद्दल ऋग्वेदातलं नासदीय सूक्त शेवटी काय म्हणतं आठव, ही सृष्टी कुठून झाली ते वर बसलेल्या अध्यक्षालाच माहीत असेल, किंवा त्यालाही माहीत नसेल. मला यावर काही जोडायचं नाही.

मी स्वतः काय मानतो असं तू विचारलंयस. घरी दत्ताचा फोटो आहे, बायको गुरुवार करते, नारळ मी फोडतो. याच्या पुढचं मला नीट सांगता येत नाही. पण एक प्रसंग सांगतो. माझी आत्या कृष्णाकाठी औदुंबराजवळच्या गावची, पलूसकडची. रोज सकाळी घाटावर औदुंबराला प्रदक्षिणा. नृसिंहाच्या नखांचा दाह लक्ष्मीने आणलेल्या उंबराच्या फळांनी शमला, म्हणून या झाडाला मान, ही गोष्ट तिनेच मला लहानपणी सांगितलेली. मी एमएस्सी झाल्या झाल्या, नवीन मुसलमान पाच वेळा बांग देतो तसा, तिच्यासमोर परातीत उंबर फोडून बसलो आणि भिंग हातात देऊन सगळं दाखवलं, ही आई मेलेली, हे आंधळे नर, ही बाहेरून भोसकणारी वगैरे. माझ्या मनात होतं की आता हिची श्रद्धा हलणार किंवा ही मला झापणार, दोन्हीपैकी काहीतरी. तिने खूप वेळ भिंगातून बघितलं, "अगं बाई, केवढाली धडपड चाललीय यांची" म्हणाली, भिंग परत दिलं आणि विचारलं, "मग आता पिकलेली खायची का नाही?" मी म्हटलं खा, काही होत नाही, पिकेपर्यंत जिवंत त्या निघून जातात. "मग झालं तर," म्हणाली आणि परात धुवायला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी प्रदक्षिणा चालूच. तिचा देव उंबराच्या थैलीत लपून बसलेला नव्हता, त्यामुळे थैली फोडल्याने त्याचं काही बिघडलं नाही. मला ते कळायला रामानुज वाचावा लागला.

तर तू आता एक काम कर, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. ओढ्याकाठचं एखादं उंबर बघून ठेव आणि दर चार-पाच दिवसांनी दोन-तीन फळं काप. कोवळ्या फळात नुसती मादीफुलं दिसतील. एखाद्या दिवशी डोळ्यापाशी अडकलेले पंख दिसतील, तेव्हा समज की त्या शिरल्या. मग बरेच दिवस काही घडत नाही असं वाटेल, गाठी फुगत जातात फक्त, कंटाळू नकोस. फळ मोठं झालं, जरा मऊ लागायला लागलं पण अजून लाल झालेलं नाही, अशा वेळी दोन-चार फळं काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला मलमलचं फडकं रबराने बांध आणि रात्रभर राहू दे. सकाळी बरणीत किती प्रकारच्या माश्या आहेत ते मोज. आखूड शेपटीच्या किती, लांब शेपटीच्या किती, आणि ज्या फळात लांब शेपटीच्या जास्त त्यात बी कमी भरलंय का तेही बघ. आकडे वहीत लिही, मोबाइलवर नको, मोबाइल ओढ्यात पडतो. आणि फळं पाडायला झाडाला दगड मारू नकोस, खोडावरची हाताने निघतात, शिवाय औदुंबर असेल तर मागून कोणीतरी प्रदक्षिणा घालत येत असतं, डोक्यात बसेल.